लेणे : अलंकार की निवास?

कुरुंदवाडच्या माणसास ‘घाट’ म्हटले की प्रथम नदीकाठच्या दगडी पायऱ्या आठवतात. त्याच माणसास कोकणात उतरावयाचे असले की ‘घाट’ म्हणजे सह्याद्रीतील वाट होते. शब्द एकच, अर्थ दोन, आणि दोहोंमधील चढउताराचा धागा कोणासही दिसावा इतका उघड आहे. ‘लेणे’ या शब्दाची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे रूप एक असून शब्द दोन आहेत. अंगावर ल्यावयाचे ते एक लेणे. डोंगराच्या कड्यात कोरलेले ते दुसरे. या दोहोंची आपल्या लेखनात जी गल्लत होत आली, तिने लेण्यांविषयीच्या मराठी प्रवासपर व रसग्रहणपर वाङ्मयाची दृष्टी बरीचशी ठरविली आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ते येथे साधार मांडावयाचे आहे.

निमित्त लहानसेच घडले. पदव्युत्तर वर्गातील काही विद्यार्थ्यांसमवेत कृष्णेच्या काठाने वर कऱ्हाडपर्यंत जाण्याचा योग आला. कऱ्हाडनजीक आगाशिवाच्या डोंगरात, जखिणवाडीच्या बाजूस, साठांहून अधिक बौद्ध लेणी आहेत. बहुतेक साधी : एक ओसरीवजा जागा, आत लहान खोल्या, खोलीत निजावयास दगडी ओटा. शिल्प जवळजवळ नाहीच. अर्ध्या तासाने एका विद्यार्थ्याने विचारले, “येथे पाहण्यासारखे काय आहे?” प्रश्न प्रामाणिक होता. लेण्यांविषयी त्याने मराठीत जे वाचले होते, त्यावरून हाच प्रश्न पडणे क्रमप्राप्त होते. ज्याच्या मनात लेणे म्हणजे अलंकार, त्याला निरलंकृत लेणे हा वदतोव्याघातच वाटावयाचा.

आपल्या लेखकांची रूढी अशी : सह्याद्रीने अंगावर लेणी ल्यायली आहेत, हा श्लेष कोठे ना कोठे यावयाचाच. तो एकदा आला की पुढील सारे वर्णन त्याच्या मागे चालते. अजिंठ्याचे रंग, कार्ल्याचे स्तंभ, वेरूळचा कैलास यांवर पानेच्या पाने खर्ची पडतात. वाट कोठून आली, पाणी कोठे साठविले, भिक्षू जेवत कशावर, हे प्रश्न उरतच नाहीत. व्यक्तिनामे घेण्याचे येथे कारण नाही, कारण दोष व्यक्तीचा नसून रूढीचा आहे. तिला दुसरा हातभार इंग्रजीने लावला. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८०च्या ग्रंथाच्या नावातच ‘गुहामंदिरे’ अशा अर्थाचा शब्द आहे. तो आपण उचलला. एकीकडे दागिना, दुसरीकडे देऊळ, आणि या दोहोंमध्ये राहते घर हरवले. याबाबतीत निरक्षर समजलेला खेडूत अधिक शहाणा ठरतो. तो लेण्यांना ‘पांडवांची’ म्हणतो. इतिहास म्हणून हे खोटे. परंतु वनवासात कोणीतरी येथे राहिले होते, ही जाणीव त्या खोट्यात शिल्लक आहे.

आता व्युत्पत्ती. डोंगरातील ‘लेणे’ हे संस्कृत ‘लयन’, प्राकृत ‘लेण’ यापासून आले. मूळ धातू ‘ली’. अर्थ लपणे, आश्रय घेणे. ज्यूल ब्लोक यांच्या मराठीवरील ग्रंथाचे वा. गो. परांजपे यांनी केलेले भाषांतर १९४१ साली प्रसिद्ध झाले, तेव्हापासून यातील ध्वनिनियम मराठी वाचकांस अपरिचित नाहीत. स्वरमध्यस्थ एकेरी अनुनासिक दंत्य वर्णाचा मराठीत ‘ण’ होतो आणि द्वित्ताचा ‘न’ : पानीय–पाणी, परंतु पर्ण–पण्ण–पान, कर्ण–कण्ण–कान. त्या नियमाने ‘लेण’चा ‘ण’ टिकला, नपुंसकाचा प्रत्यय लागून ‘लेणे’ झाले. हा शब्द पंडितांनी पोथीतून काढून दिलेला नाही. लोकांच्या तोंडून अखंड चालत आलेला आहे. ‘चैत्य’, ‘स्तूप’, ‘भिक्षू’ हे शब्द आपण संस्कृतातून पुन्हा घेतले. ‘लेणे’ आपल्यापाशी होतेच. अंगावर घालावयाच्या लेण्याचा संबंध ‘ल्याणे’ या क्रियापदाशी, म्हणजे सर्वस्वी निराळ्या कुळाशी आहे.

‘लेण’ म्हणजे गुहा, हे समीकरणही सैल आहे. पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंना पाच लेणांची अनुज्ञा दिलेली आहे : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. म्हणजे ‘लेण’ हे निवाऱ्याचे सामान्यनाम, गुहा हा त्याचा केवळ एक प्रकार. महाराष्ट्रात लाकडी व विटांचे निवारे नाहीसे झाले, खडकातले तेवढे उरले, म्हणून शब्दाचा अर्थ खडकापुरता आकुंचित झाला.

कोरीव लेखांकडे वळले म्हणजे हे घर सामानासकट समोर येते. नाशिक येथे नहपानाची कन्या दक्षमित्रा हिने दिलेल्या दानाचा उल्लेख ‘ओवरक’ असा आहे. ओवरक म्हणजे खोली, संस्कृत ‘अपवरक’. आपल्या देवळांच्या आवारातील ‘ओवरी’ ती हीच. ज्या ओवऱ्यांत आपले यात्रेकरू पथारी पसरतात, त्यांचे नाव नाशिकच्या भिक्षूंच्या खोल्यांना होते. कान्हेरीस ‘पाणियपोढि’, म्हणजे पाण्याचे टाके, आणि ‘आसनपेढिका’, म्हणजे बसावयाची बैठक, यांची दाने नोंदलेली आहेत. ‘पोढि’ मराठीत उरली नाही, तिची जागा टाक्याने घेतली. ‘पेढिका’ मात्र सराफाची ‘पेढी’ होऊन बाजारात बसली. कार्ल्याच्या चैत्याचे मुख घडविणारा धेनुकाकटचा सामी स्वतःस ‘वढकि’ म्हणवितो. वऱ्हाडात सुताराला आजही ‘वाढई’ म्हणतात. अलंकाराच्या वर्णनात गुंतलेल्या लेखकास या शब्दांची आठवण नसावी, हे साहजिक आहे. मराठीच्या अभ्यासकास ती नसावी, हे मात्र क्षम्य नाही. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांचा लेखसंग्रह १८८१ पासून आणि वा. वि. मिराशी यांचा सातवाहन व पश्चिमी क्षत्रपांवरील मराठी ग्रंथ १९७९ पासून उपलब्ध आहे.

या घराचा खर्च चालत कसा असे, तेही लेखांतच आहे. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातील भिक्षूंसाठी ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० पाऊण टक्क्याने. पहिल्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. कार्ल्यास त्यानेच करजिक हे गाव दिले, ते ‘लेणवासी’ प्रव्रजितांच्या चरितार्थासाठी. लेणवासी! लेण्यात राहणारा. हा एक शब्द लक्षात घेतला असता तर अलंकाराचा श्लेष कोणास सुचला नसता.

ही वाट, पाणी आणि गाव यांची दृष्टी प्रथम ज्यांनी दिली, ते दामोदर धर्मानंद कोसंबी होत. त्यांचे वडील धर्मानंद बौद्ध धर्माच्या शोधात १९०२ साली नेपाळच्या दऱ्या चढून गेले आणि निराश होऊन परतले; पुढे सिंहलद्वीपी जाऊन पाली शिकले. ‘निवेदन’ या १९२४च्या आत्मकथनात तो वृत्तांत आहे. पुत्राने दूर न जाता पुण्याच्या परिसरातील डोंगरवाटा पायाखाली घातल्या. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात त्यांनी दाखविले की लेणी एकांतात नसून घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गांवर आहेत, आणि कार्ल्याच्या एकवीरेसारखी देवीस्थाने त्याच वाटांच्या जाळ्यात बसतात. लेण्यांवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण आधी वाचावे.

परंतु एका ठिकाणी त्यांच्याशी मतभेद नोंदविणे भाग आहे. मावळात ‘मावलाया’ नावाच्या जलदेवता पुजल्या जातात. कार्ल्याच्या सातवाहन आज्ञापत्रात या प्रदेशाला ‘मामालाहार’ म्हटले आहे. कोसंबींनी या दोहोंची सांगड घातली : मावळ म्हणजे आयांचा प्रदेश, म्हणून हा मातृपूजेचा संप्रदाय निदान दोन हजार वर्षे जुना. मामाल–मावळ ही साखळी निर्दोष आहे. स्वरमध्यस्थ ‘म’चा ‘व’ (ग्राम–गाव, नाम–नाव), एकेरी ‘ल’चा ‘ळ’ (फल–फळ, काल–काळ). त्याच आज्ञापत्रात ‘मामाड’ असेही रूप आहे, त्यावरून तो ‘ल’ त्या काळीच मूर्धन्याकडे झुकला होता असे दिसते. अडचण आहे ती ‘आई’कडे जाताना. सातवाहन काळी मातृवाचक शब्दातील ‘त’ गळालेला नव्हता; गौतमी बलश्रीच्या नाशिक लेखात ‘मातुय’ असे रूप आहे. त्या काळच्या मातृशब्दापासून ‘मामाल’ होऊ शकत नाही, कारण त्यातील दुसरा ‘म’ यावयाचा कोठून? मातृ–माउ–माउली ही साखळी नंतरची आणि वेगळी. दोन निरनिराळे शब्द शेवटी ‘माव-’ या सारख्या रूपास येऊन मिळाले, एवढेच येथे दिसते. म्हणजे जे ‘लेणे’ शब्दाबाबत रसिकांचे झाले, तेच ‘मावळ’बाबत चिकित्सकाचे झाले.

संप्रदाय प्राचीन नाही असे यावरून ठरत नाही. नावावरून तो प्राचीन ठरत नाही, एवढेच. सूर्य जेथे मावळतो तो मावळ, ही लोकप्रिय उपपत्तीही याच कसोटीवर लावावी. जिला तिचा आग्रह असेल त्याने ‘मावळणे’ या क्रियापदाचे मकारयुक्त पूर्वरूप आधी दाखवावे.

त्याच आज्ञापत्रातील आणखी एक शब्द जाता जाता सांगतो. करजके गाव मामालाहारात ‘उतरमगे’, म्हणजे उत्तरेकडील वाटेवर, असल्याचे म्हटले आहे. ‘मग’ म्हणजे मार्ग. आपण ‘माग काढतो’ तो हाच. राजाच्या कचेरीला गावाचा पत्ता वाटेवरून सांगावासा वाटला, ही गोष्ट कोसंबींच्या मुख्य सिद्धांताला त्यांच्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक बळ देते.

हल्ली मराठी प्रवासी लडाख आणि स्पितीकडे मोठ्या संख्येने जातात आणि त्यावर पुष्कळ लिहितातही. हेमिस, थिकसे, ९९६ साली स्थापन झालेला ताबो यांची वर्णने वाचताना जुनीच रूढी नव्या प्रदेशात भेटते. ‘गोंपा’ म्हणजे मठ, एवढे सांगून लेखक भित्तिचित्रांकडे वळतो. या तिबेटी शब्दाचा मूळ अर्थ वस्तीपासून दूर असलेली जागा, अरण्य, असा आहे. ‘लेण’ म्हणजे लपण्याची जागा, ‘गोंपा’ म्हणजे दूरची जागा : दोन्ही नावे एकांत सांगतात, आणि दोन्हींकडील वास्तू वाहत्या रस्त्याला धरून आहेत. थिकसे आणि हेमिस सिंधूच्या खोऱ्यातून लेहला जाणाऱ्या वाटेच्या परिसरात. कार्ले आणि भाजे बोरघाटाच्या तोंडाशी. नाव आणि वास्तव यांमधील हे अंतर ज्याने घरी पाहिले नाही, त्याला ते हिमालयात दिसत नाही. तेथील मठात माणसे अजून राहतात, स्वयंपाकघरातून धूर निघतो. तरी आपला लेखक तेथेही अलंकारच मोजतो.

‘विहार’ शब्दाचे अलीकडील चरित्र या दृष्टीने मोठे बोधक आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्यापूर्वी मराठीत विहार म्हणजे पंडिती ग्रंथातील शब्द, अथवा काव्यातील जलविहार. त्यानंतर वस्तीवस्तीत विहार उभे राहिले आणि तत्सम शब्द बोलीत रुळला. अर्थ मात्र भिक्षूंचे निवासस्थान असा न राहता समाजाने एकत्र जमण्याची वास्तू असा झाला. हीच मंडळी लेण्यांत वंदनेसाठी जातात. शिल्प आहे की नाही, हा त्यांचा पहिला प्रश्न नसतो. शासकीय फलक आणि आमच्या अभ्याससहली यांचा मात्र तोच असतो. म्हणून नक्षीदार लेण्यापर्यंत पायऱ्या बांधल्या जातात आणि साध्या लेण्यांकडील मूळ पाऊलवाट झुडपांत जाते, टाकी गाळाने भरतात.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर जखिणवाडीत उभ्याउभ्या नीट देता आले नव्हते. परतताना गाडीत दिले, ते असे. मध्य भारतातील भारहुतच्या स्तूपावर ‘करहाकट’ निगमाने दिलेल्या दानाचा लेख आहे. कोकणात राजपुरीच्या खाडीजवळ कुडे येथे एका लेण्यावर ‘करहाकड’चा लोहवाणिय महिक याने ते लेणे दिल्याचे कोरले आहे. घोटक–घोडा, वट–वड या न्यायाने ‘ट’चा ‘ड’, पुढे मधला ‘क’ गळून करहाड, कऱ्हाड. लोखंडाचा हा वाणी कृष्णाकाठचा. आपल्या गावाशेजारच्या डोंगरात त्याच्या पैशाने काही कोरले गेले असल्यास तेथे त्याचे नाव नाही. नाव आहे ते सह्याद्रीपलीकडे, समुद्राच्या वाऱ्यात, जेथे त्याचा माल उतरत असावा. मुलांनी नकाशा काढला आणि कऱ्हाडहून कुड्याला कोणत्या घाटाने उतरावे, यावर मिरज येईपर्यंत वाद घातला.