‘यकृतविकार असल्यास घेऊ नये’ : पण कोणता?

दिघीच्या जेटीवर आगरदांड्याच्या फेरीबोटीची वाट पाहत असता एका निवृत्त गुरुजींनी आम्हांला गोळ्यांच्या पाकिटातले माहितीपत्रक दाखवले. गुरुजींना मधुमेह, हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी अ‍ॅटोरव्हास्टॅटिनची गोळी दिली होती. पत्रकात यकृतविकार असल्यास ती घेऊ नये अशा अर्थाचे वाक्य दिसले आणि गुरुजींनी दोन महिन्यांपूर्वी गोळी बंद केली. “छापलेलं नीट वाचा, हेच मुलांना जन्मभर सांगितलं,” ते म्हणाले. वाचण्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते. आमचा आक्षेप त्या वाक्यावर आहे.

अशा वाक्यामागे कारण होते. आपल्या शरीरातील बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते व त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. स्टॅटिन गटाची औषधे तेथील एका विकराचे काम रोखतात. जपानच्या अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात पेनिसिलियम बुरशीतून या गटातले पहिले द्रव्य वेगळे केले. 1987 साली लोव्हास्टॅटिन अमेरिकेत विक्रीस आले. काही रुग्णांच्या रक्तात एएलटी हे यकृतातील विकर वाढलेले दिसले, तेव्हा भीती वाटणे साहजिक होते. परंतु एएलटी थोडे वाढले म्हणजे यकृत निकामी होऊ लागले असे नव्हे. पुष्कळदा गोळी चालू असतानाच ते उतरते; यकृताला गंभीर इजा फार क्वचित होते. म्हणून 2012 मध्ये अमेरिकी औषध नियामकांनी ठरावीक मुदतीने एएलटी तपासण्याची शिफारस मागे घेतली. सुरुवातीला एकदा तपासावे, पुढे गरज भासली तर.

खरा घोटाळा ‘यकृतविकार’ या एका शब्दात आहे. मुंबईतील रेल्वे वसाहतींमध्ये डॉ. दीपक अमरापूरकर व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी 2007 साली प्रसिद्ध झाली. (2017 च्या पावसात मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, तेच हे डॉक्टर.) तीत प्रौढांपैकी पाचांत जवळजवळ एकाचे यकृत चरबीयुक्त आढळले. अशा माणसांना यकृतापेक्षा हृदयविकाराचाच धोका बहुधा अधिक असतो, आणि स्टॅटिन त्यांना सहसा चालते. म्हणजे ज्यांना गोळीची गरज आहे, त्यांनाच हे वाक्य घाबरवते!

सिरॉसिस असूनही यकृत काम निभावत असेल, तर देखरेखीखाली गोळी देता येते. पोटात पाणी, कावीळ अशी लक्षणे दिसू लागली की मात्र प्रकरण वेगळे. तेथे औषधाचा निचरा नीट होत नाही. ते रक्तात साचते आणि स्नायूंची मोडतोड होऊ शकते. युरोपातील एका चाचणीत अशा रुग्णांना रोज 40 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन दिल्यावर हेच दिसले. शिवाय थकलेले यकृत कोलेस्टेरॉलही कमी बनवते. त्यामुळे अहवालातला उतरलेला आकडा पाहून घरच्यांनी आनंदून जाऊ नये.

अमेरिकेत अ‍ॅटोरव्हास्टॅटिनच्या पत्रकात आता अचानक निकामी झालेले यकृत आणि पुढच्या टप्प्याचा सिरॉसिस एवढ्यांनाच स्पष्ट मनाई आहे. गुरुजींच्या हातातले पत्रक इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत होते आणि त्यात पायरी कोणतीच नव्हती. आरोग्यविषयक लेखांतून ‘चांगले’ व ‘वाईट’ कोलेस्टेरॉल एवढेच घोळवणारे आमच्यासारखे लेखकही याबाबतीत फारसे निर्दोष नाहीत.

गुरुजींच्या अहवालात एएलटी मर्यादेच्या दुपटीहून कमी होते. बिलिरुबिन व अल्ब्युमिन नेहमीसारखे. बोट लागली, तेव्हा अहवाल आणि पत्रक एकाच पिशवीत घालून ते पलीकडे, मुरूडच्या डॉक्टरांकडे निघाले.