संतचरित्र आणि दूरचित्रवाणी : लिलिआना कव्हानी यांचा ‘फ्रांचेस्को दासीसी’

प्रास्ताविक :
संतचरित्र पडद्यावर आणताना श्रद्धेने जपलेली प्रतिमा दाखवावयाची की तिच्यामागील माणूस, हा प्रश्न दिग्दर्शकापुढे असतो. इटालियन दिग्दर्शिका लिलिआना कव्हानी यांनी १९६६ साली इटलीच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीसाठी केलेल्या ‘फ्रांचेस्को दासीसी’ या दोन भागांच्या कृष्णधवल चित्रपटात दुसरा मार्ग स्वीकारला. प्रस्तुत लेखात या भूमिकेचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

विवेचन :
असिसीचे संत फ्रान्सिस यांचे निधन १२२६ मध्ये झाले आणि १२२८ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संतपद दिले. पुढे १२६६ मध्ये फ्रान्सिस्कन संघाने बोनाव्हेंचर यांचे चरित्र प्रमाण मानून पूर्वीची चरित्रे नष्ट करण्याचा आदेश काढला. म्हणजेच फ्रान्सिस यांची सर्वमान्य प्रतिमा बऱ्याच अंशी संस्थेने घडविलेली आहे. या प्रतिमेला कव्हानी प्रश्न विचारतात.

कव्हानी यांनी तत्पूर्वी नाझी राजवटीचा इतिहास, प्रतिकारलढ्यातील स्त्रिया अशा विषयांवर माहितीपट केले होते. तीच शोधक दृष्टी येथे दिसते. चमत्कारांना त्या केंद्रस्थान देत नाहीत. नायकाच्या भूमिकेतील लू कास्टेल यांनी १९६५ मध्ये मार्को बेलोक्किओ यांच्या चित्रपटात कुटुंबाविरुद्ध पेटलेला तरुण साकारला होता. त्यामुळे येथील फ्रान्सिसही तेजोवलयांकित न वाटता अस्वस्थ युवक वाटतो. कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा बिशपसमोर अंगावरील वस्त्रे उतरवून पित्याला परत करतो, तेव्हा तो केवळ वैराग्य पत्करत नाही. मालमत्तेवर उभे असलेले नातेच तो नाकारतो. दुसरी व्हॅटिकन परिषद डिसेंबर १९६५ मध्ये संपली होती. चर्च व दारिद्र्य यांच्या नात्याची चर्चा ताजी असताना या दृश्याला समकालीन अर्थ लाभणे स्वाभाविक होते.

तथापि, या मांडणीला मर्यादाही आहे. अखेरच्या आजारपणात फ्रान्सिस यांनी उंब्रियाच्या लोकभाषेत सूर्य, चंद्र व मृत्यू यांना भावंडे मानणारे स्तोत्र रचले. या आनंदाचा उलगडा केवळ सामाजिक बंडाने होत नाही. रोबेर्तो रोसेलिनी यांच्या १९५० च्या चित्रपटात तो आनंद जाणवतो. कव्हानी यांच्याकडे तो क्षीण होतो. मराठी वाचकाला येथे प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) आठवेल. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात गौरविल्या गेलेल्या या चित्रपटात चमत्कार आहेत, परंतु जिजाईच्या संसाराची ओढाताण संतत्वाला सतत जमिनीवर आणते. श्रद्धा व वास्तव यांना परस्परविरोधी मानण्याची गरज तेथे पडलेली नाही.

समारोप :
कव्हानी याच विषयाकडे १९८९ व २०१४ मध्ये पुन्हा वळल्या. पहिल्या प्रयत्नात त्यांचा प्रश्न संपला नव्हता, असा याचा अर्थ घेता येईल. चमत्कार वगळल्याने संतत्व उणावत नाही, हे त्यांनी सिद्ध केले. परंतु संताचा आनंद वगळला तर उरते ते केवळ बंडखोराचे चरित्र. संतचरित्रपटांची समीक्षा करताना हा भेद लक्षात घेणे आवश्यक ठरते.