डार्टमूरचे प्राचीन बांध : एका ग्रंथाचें परीक्षण

पुराणवस्तूंच्या अभ्यासकास दोन मोह नेहमीं पडतात. एक, जें भव्य तेंच महत्त्वाचें मानण्याचा. दुसरा, जें एकसारखें दिसतें तें एकाच हुकुमानें झालें असें मानण्याचा. अँड्र्यू फ्लेमिंग यांचा 'द डार्टमूर रीव्ह्ज' हा इंग्रजी ग्रंथ १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची दुसरी आवृत्ति २००८ सालीं निघाली. या ग्रंथानें पहिला मोह पुष्कळ अंशीं मोडून काढिला आहे. दुसऱ्या मोहापासून तो स्वतः कितपत अलिप्त राहिला, हें पाहावें म्हणून हें परीक्षण लिहीत आहों. आम्हीं तो प्रांत डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं. ग्रंथ, नकाशे व उत्खननांचीं वृत्तें यांवरच आमचा आधार आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम भूमीचें स्वरूप सांगितलें पाहिजे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस डेव्हन परगण्यांत ग्रॅनाइट खडकाचें एक उंच, उघडें माळरान आहे. त्यास डार्टमूर म्हणतात. हा खडक सुमारें २८ कोटि वर्षांपूर्वींचा. त्याचें सर्वांत उंच शिखर हाय विलहेज हें २,०३९ फूट आहे; म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानानें तें ठेंगणेंच. परंतु वारा, धुकें व पाऊस यांचा तेथें अंमल मोठा. माथ्यांवर खडकांचे नैसर्गिक ढीग उभे आहेत, त्यांस 'टॉर' अशी संज्ञा आहे. उंच भागांत कुजलेल्या वनस्पतींचा काळा, भिजट थर सांचलेला असून त्यांतून डार्ट, टॅव्ही, टेन, प्लिम, अर्म इत्यादि नद्या उगम पावतात. आज हें रान ओसाड दिसतें, म्हणून तें सदैव ओसाड होतें असें मात्र नव्हे. जमिनींत दडलेल्या पुष्परेणूंच्या परीक्षणावरून येथें एके काळीं बरेंच वन होतें, व मनुष्यानें तें हळूहळू जाळून, तोडून, गुरें चारून उघडें केलें, असें निष्पन्न झालें आहे.

या माळावर शिळांच्या रांगा सत्तरांहून अधिक आहेत. त्यांपैकीं अर्म नदीच्या वरच्या अंगाची रांग सुमारें दोन मैल लांब आहे. गोल घरांचीं दगडी जोतीं हजारोंनीं मोजावीं लागतात. असें धन डोळ्यांपुढें असतां अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील पंडितांनीं काय केलें? त्यांनीं ड्रुइड नांवाच्या केल्ट पुरोहितांस तेथें आणून बसविलें. शिळांची रांग दिसली कीं ती मिरवणुकीची वाट, पोकळ खडक दिसला कीं तें अभिषेकपात्र! ग्रिम्सपाउंड येथें सुमारें चार एकरांच्या दगडी आवारांत चोवीस घरांचीं जोतीं आहेत. त्यांतही कोणास देवालय दिसलें. १८९४ सालीं तेथें खोदकाम झालें तेव्हां चुली, कोळसा, झोंपण्याचे ओटे असें साध्या संसाराचें सामान निघालें. ड्रुइडांचे जे कांहीं लिखित उल्लेख आहेत ते या घरांनंतर हजार वर्षांहून अधिक काळानें झालेले आहेत. म्हणजे प्रश्न वस्तूंचा नव्हता, डोळ्यांचा होता.

हा दोष केवळ त्यांच्याच घरचा होता असें आम्हांस म्हणतां येत नाहीं. सुरापूर संस्थानाशीं ज्यांचें नांव जोडलेलें आहे त्या मेडोज टेलर यांनीं दक्षिणेंतील दगडी थडग्यांचें वर्णन आयर्लंडांतील विद्वत्सभेपुढें मांडिलें, तेव्हां त्याच्या मथळ्यांतच या स्मारकांस केल्टिक, ड्रुइडी किंवा सिथियन अशीं विशेषणें लाविलीं. आणि दगडी पेटीसाठीं 'किस्टव्हेन' हा जो शब्द वापरिला तो डार्टमूरवर आजही चालतो. पुढें नागपुराजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळांविषयीं रिव्हेट-कार्नाक यांनीं १८७९ सालीं लिहितांना शिळांवरील वाटीसारख्या खळग्यांचें युरोपांतील खळग्यांशीं साम्य दाखविलें. पुढें माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील उत्खननांनीं विदर्भाचीं वर्तुळें लोहयुगांतलीं ठरलीं. डार्टमूरचीं घरें व बांध कांस्ययुगांतले; दोहोंमध्यें अनेक शतकांचें अंतर. आकृतीचें साम्य हें नात्याचें प्रमाण नव्हे, हा धडा आपल्याकडेही तितकाच लागू आहे.

आतां प्रस्तुत ग्रंथाच्या विषयाकडे वळूं. डार्टमूरवर गवतानें झांकलेले, कोठें गुडघ्याएवढे तर कोठें जेमतेम दिसणारे दगडांचे लांबलांब बांध आहेत. स्थानिक बोलींत त्यांस 'रीव्ह' म्हणतात. सॅम्युअल रो यांनीं १८४८ च्या आपल्या ग्रंथांत अशा रेषांची दखल घेतली होती. पण त्यांपैकीं कांहीं त्यांस जुने रस्ते वाटले. त्यांपलीकडे या बांधांकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. देवालय नाहीं, थडगें नाहीं, शिलालेख नाहीं. मग बांधास कोण विचारतो? १९६८ सालीं एलिझाबेथ गॉन व सॉमर्स कॉक्स यांनीं समांतर बांधांवर लेख लिहून प्रश्न जागा केला. त्यानंतर फ्लेमिंग व जॉन कॉलिस यांनीं, आणि पुढें एकट्या फ्लेमिंग यांनीं, वर्षानुवर्षें पायीं हिंडून हे बांध मापून काढिले. एकूण लांबी सुमारें २०० किलोमीटर भरते. होल्न मूर येथें फ्लेमिंग यांनीं, तर शॉ मूर येथें वेनराइट यांच्या मंडळीनें उत्खनन केलें; किरणोत्सर्गी कार्बनाच्या परीक्षेवरून बांधांचा आरंभ इसवी सनापूर्वीं सुमारें १७०० ते १६०० या काळांत झाला असें ठरलें. शॉ मूर येथें तर खंदकाच्या तळाशीं गुरांच्या व मेंढ्यांच्या खुरांचे ठसे जसेच्या तसे राहिले होते. कोणत्याही राजाच्या मुद्रेपेक्षां आम्हांस हे ठसे अधिक बोलके वाटतात.

ग्रंथकर्त्यांचा सिद्धांत थोडक्यांत असा. हे बांध सुटे नाहींत. त्यांचे मोठमोठे समूह आहेत. प्रत्येक समूहांत बांध एकाच दिशेस समांतर धांवतात, व वरच्या अंगास एका आडव्या बांधाशीं येऊन थांबतात. त्या आडव्या बांधापलीकडे मोकळें गायरान. खालीं नदीचें खोरें, मध्यें वांटलेली जमीन, वर सामायिक चराई अशी प्रत्येक वस्तीची मांडणी. समांतर बांध चढउताराची पर्वा न करितां सरळ जातात. अर्थात् कोणी तरी अगोदर दिशा ठरविली असली पाहिजे. आणि इतक्या विस्तृत प्रदेशाविषयीं असा निर्णय एकेकट्या कुटुंबाचा नव्हे, मोठ्या समुदायाचा असला पाहिजे. ग्रंथकर्ते येथें एकाद्या सर्वसत्ताधीश राजाची कल्पना करीत नाहींत, तर सामायिक मालकी व समुदायाचा विचार यांकडे त्यांचा कल आहे, ही गोष्ट त्यांच्या न्यायासाठीं नमूद केली पाहिजे.

ग्रंथाचा मोठा गुण असा कीं, ग्रंथकर्ते निष्कर्ष एकाएकीं वाचकापुढें टाकीत नाहींत. आपण कोठें चुकलों, कोणता बांध प्रथम दिसलाच नाहीं, तेंही सांगत जातात. आमच्याकडील संशोधकांनीं हा गुण अवश्य घ्यावा. हें वाचतांना आम्हांस आमचीच एक चूक आठवली. तरुणपणीं एका खेड्यांतील जुन्या घरचा रुमाल आम्हीं तपासला होता. शिक्क्यांचीं पत्रें तेवढीं उतरून घेतलीं. बांधांच्या कज्जांचे कागद, जमीनझाडे, शिवेचे कतबे 'किरकोळ' म्हणून पुन्हां बांधून ठेविले. वीस वर्षांनीं त्याच घरीं गेलों, तों वाळवीनें त्या कागदांची माती केली होती. शिक्क्यांच्या पत्रांतील मजकूर पुढें अन्यत्रही मिळाला. त्या किरकोळ कागदांतील गांव मात्र कायमचा गेला. ज्यांनीं डार्टमूरवर शिळा पाहिल्या व बांध पाहिले नाहींत, त्यांस नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

असो. आतां आक्षेपाकडे येऊं. रॉबर्ट जॉन्स्टन यांनीं २००५ सालीं एका निबंधांत फ्लेमिंग यांच्या मतास हरकत घेतली. त्यांचें म्हणणें असें कीं, येथें रचना आहे पण आराखडा नाहीं. आधींचीं घरें, वेंचलेल्या दगडांचे ढीग, जुन्या वाटा यांस धरून एकेक बांध वाढत गेला. शेजाऱ्यानें शेजाऱ्याची दिशा उचलली. आणि शेवटीं जें उभें राहिलें तें आज आम्हांस एका हातचें वाटतें. फ्लेमिंग यांच्याच उत्खननांत कांहीं ठिकाणीं दगडी बांधाच्या आधीं लांकडी कुंपण असल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. त्यावरून दगडी बांध हा या कथेचा आरंभ नव्हे, हें तर उघड आहे.

या वादांत आमच्यासारख्या परक्यानें बोलावें काय? पाठचिकित्सेचा एक नियम येथें उपयोगी पडेल असें वाटल्यावरून धीर करितों. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वास डॉ. सुकथनकर यांनीं लिहिलेली १९३३ ची प्रस्तावना ज्यांनीं वाचली आहे, त्यांस हस्तलिखितांचें नातें ठरविणें किती नाजूक काम आहे तें ठाऊक आहे. दहा पोथ्यांत एक शुद्ध व सुगम पाठ सारखा आला, तर त्यावरून त्या एका पोथीवरून उतरल्या असें ठरत नाहीं. सुगम पाठ कोणासही सुचेल. परंतु दहाही पोथ्यांत एकच विचित्र स्खलन आलें, तर मात्र त्यांचें मूळ एक मानावें लागतें. हाच नियम बांधांस लावून पाहावा. जेथें उतार मोकळा व सपाट आहे, तेथें बांध समांतर गेले यांत नवल नाहीं; शेजारी शेजाऱ्याचें पाहून तसेंच करील. तेथें जॉन्स्टन यांचा पक्ष बळकट आहे. परंतु डार्टमीट येथील समूह डार्ट नदीच्या खोल घळीच्या अलीकडे व पलीकडे तीच दिशा धरून आहे. एकेकट्यानें आपल्या सोयीनें बांध घातला असता तर अशा जागीं तो वळला असता. सोयीविरुद्ध राखलेलें साम्य हें पाठचिकित्सेंतील सामायिक स्खलनासारखें आहे. तेथें मूळ संकेत एक होता, हें फ्लेमिंग यांचें म्हणणें मान्य करणें भाग पडतें. ग्रंथकर्त्यांनीं सर्व साम्यें एकाच तागडींत घातलीं, सुगम व दुर्गम असा भेद केला नाहीं, हा आमच्या मतें ग्रंथाचा मुख्य दोष होय.

दुसरा दोष काळाविषयींचा. कार्बनाची परीक्षा कांहीं दशकांचें, कधीं शतकाचें अंतर ठेवून बोलते. एका हंगामांत झालेलें काम व तीन पिढ्या चाललेलें काम यांतला भेद ती सांगूं शकत नाहीं. मग 'आराखडा' म्हणजे एका सभेचा एका दिवसाचा ठराव असें कां धरावें? परंपरा ही देखील आराखडा राखते. वेदपाठ शतकानुशतकें अक्षरशः एकसारखा राहिला, तो कोणाच्या राजाज्ञेनें नव्हे, तर शिष्यानें गुरूचा स्वर सोडूं नये या बंधनानें. डार्टमूरच्या शेतकऱ्यांसही 'बांध या दिशेसच घालावा' असें एखादें बंधन असेल, व त्यामागें चालरीत, नातें किंवा श्रद्धा असेल. दिशा ठरलेली होती एवढें दगड सांगतात. ती कोणी ठरविली हें ते सांगत नाहींत. ग्रंथकर्ते येथें दगडांच्या तोंडून त्यांच्या शक्तीपलीकडचें वदवितात. आणि आराखडाच नाहीं म्हणणारे त्यांचे विरोधक दगड जें स्पष्ट सांगतात तेंही ऐकत नाहींत.

दोन्ही आवृत्त्यांनंतर निघालेल्या एका पुराव्याचा उल्लेख येथें केला पाहिजे. २०११ सालीं व्हाइटहॉर्स हिल या उंच टेकडीवरील एक दगडी पेटी उघडण्यांत आली. तींत एका तरुण व्यक्तीच्या दहनाचे अवशेष अस्वलाच्या कातड्यांत गुंडाळलेले होते. सोबत सालीच्या तंतूंची विणलेली पिशवी, विणलेल्या वस्त्राचा व चामड्याचा पट्टा, आणि दोनशेंहून अधिक मणी. त्यांत तृणमण्याचे होते व कथिलाचेही होते. काळ इसवी सनापूर्वीं सुमारें १७३० ते १६००. म्हणजे बांधांच्या आरंभाचाच काळ. तृणमणि दुरून आलेला, कथील मात्र त्याच प्रांतांतलें. ज्या समाजांत बांध पडत होते त्यांत कोणास असा मान मिळत होता, व दूरदेशाशीं देवघेव होती, हें आतां निश्चित झालें. तथापि मानकरी होता म्हणून बांध त्यानेंच घालविले, असें अनुमान कोणी काढल्यास तें पुन्हां दुसऱ्याच मोहाचें रूप ठरेल.

शेवटीं लिखित पुराव्याची एक गोष्ट. १२४० सालीं तिसऱ्या हेन्रीच्या आज्ञेनें बारा नाइटांनीं डार्टमूरच्या राजवनाची हद्द फिरून ठरविली व खुणा लिहून ठेविल्या. त्यांतील सिवर्डचा क्रूस आजही उभा आहे. शिवेवरून चालून हद्द दाखविण्याची चाल आपल्या महजरांतही आहे. परंतु त्या कागदापूर्वींच्या सुमारें तीन हजार वर्षांच्या हद्दींचा दाखला ज्या बांधांत होता, ते सातशें वर्षें कागदाच्या शेजारीं पडून राहिले. कागद जपला, बांध दिसला नाहीं. उलट आपल्याकडे शेतांतला बांध रोज डोळ्यांपुढें, आणि त्याचा कागद रद्दींत! दोन्हीकडे तोटा एकच.

ग्रंथ संग्रहणीय आहे. त्याचीं अनुमानें सावधपणें, परंतु त्याचीं मापें निःशंकपणें घ्यावीं. आणि आमच्या संग्राहक मित्रांस एवढीच विनंति कीं, यापुढें कोणाचा रुमाल हातीं आला तर शिक्क्यांचीं पत्रें बाजूस ठेवून आधीं बांधाच्या तंट्याचे कागद उतरून घ्यावे. ते वाट पाहत नाहींत.