दुसरा भाग काढावा, पण कशासाठी?

मराठी सिनेमाला दुसऱ्या भागाचा नाद लागला आहे. गाजलेलं नाव, ओळखीची पात्रं आणि नावापुढे एक आकडा, एवढ्या भांडवलावर प्रेक्षक येतो. बाहेर पडताना मात्र त्याची दोन मतं झालेली असतात. 31 ऑक्टोबर 2025 रोजी आलेल्या महेश मांजरेकरांच्या ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’बाबतही तेच झालं.

2009 च्या ‘मी शिवाजीराजे भोसले बोलतोय’मध्ये सचिन खेडेकरांचा दिनकर भोसले हा मुंबईतला गांजलेला मध्यमवर्गीय मराठी माणूस होता आणि त्याच्या घरावर बिल्डरचा डोळा होता. त्याचा न्यूनगंड घालवायला महाराज आले, तेही विनोदाची फोडणी घेऊन. नव्या चित्रपटात सिद्धार्थ बोडकेंचे महाराज येतात ते शेतकरी आत्महत्येच्या प्रश्नावर. प्रेक्षकांची तक्रार एकच: पहिल्यातली गंमत गेली, भाषणं वाढली.

हीच तक्रार साखरखेर्ड्याच्या चहाच्या टपरीवर नेऊन पाहावी. गाव सिंदखेड राजा तालुक्यातलं, जिजाऊंचं जन्मस्थान त्याच तालुक्यात. शेती सोयाबीन-कपाशीची, आणि चित्रपट आला तेव्हा 2025 च्या अतिवृष्टीचा हंगाम नुकताच सरला होता. इथे कुणी म्हणेल, “पहिल्याची सर नाई आली याले.” त्यावर दुसरा म्हणेल, “आपल्यावर कोनी शिनेमा त काढला!” दोघांचंही खरं आहे. पहिला कलाकृतीबद्दल बोलतोय, दुसरा विषयाबद्दल. आपल्या चर्चेत या दोन गोष्टींची गल्लत होते. विषय मोठा म्हणून पटकथेतली ढिलाई माफ होत नाही आणि पटकथा ढिली म्हणून विषय खोटा ठरत नाही.

बाकीचे दुसरे भाग पाहिले तर बहुतेकांनी फक्त वाहन किंवा मुक्काम बदललेला दिसतो. ‘दे धक्का’तलं (2008) कुटुंब खटारा गाडीला धक्का मारत मुंबईला निघालं होतं, 2022 मध्ये ते लंडनला पोचलं आणि धक्का मारायचं कारणच उरलं नाही. ‘नवरा माझा नवसाचा’ची (2004) गणपतीपुळ्याला जाणारी एसटी 2024 मध्ये कोकण रेल्वे झाली, अशोक सराफ कंडक्टरचे टीसी झाले. त्यांना पाहून हसू येतं, पण त्यातलं निम्मं हसू जुनंच असतं. ‘झपाटलेला 2’ (2013) थ्रीडीत आला. रामदास पाध्ये यांचा बाहुला होता, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू होता, पण लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते. ती जागा तंत्राने भरून निघाली नाही.

हा रोग आपलाच नाही. ‘ट्रू ग्रिट’ (1969) या वेस्टर्नने जॉन वेनला ऑस्कर मिळवून दिलं. 1975 मध्ये तोच एकाक्ष मार्शल ‘रूस्टर कॉगबर्न’मध्ये परतला, सोबत कॅथरीन हेपबर्न. पुन्हा बापाच्या खुनाचा माग, पुन्हा एक हट्टी बाई. दोघांची जुगलबंदी आवडणारे आहेत, कथा शिळी म्हणणारेही आहेत.

मग दुसरा भाग जमतो कधी? ‘नाळ’ (2018) आणि ‘नाळ 2’ (2023) पाहावेत. विदर्भातल्या खेड्यातला चैत्या आपली सख्खी आई कोण, हे पहिल्या भागात शोधतो. कळतं, पण भेट अपुरी राहते. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी यक्कंटी त्याला दुसऱ्या भागात पश्चिम महाराष्ट्रात त्या आईच्या घरी नेतात, तिथे त्याला धाकटी बहीण भेटते, आणि ज्याला आई हवी होती त्या पोराला भाऊ होणं शिकावं लागतं. पहिल्याची पुनरावृत्ती नाही, त्याने मागे ठेवलेला प्रश्न आहे. ‘नाळ 2’ला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, बालकलाकारांचाही सन्मान झाला. त्यातली एक, त्रिशा ठोसर, ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’तही आहे.

या कसोटीवर मांजरेकरांचा चित्रपट अर्धा उतरतो. प्रश्न नवा आहे, तो मुंबईतून शिवारात आणला, हे श्रेय निर्विवाद. पण दिनकरमध्ये जसा एक जिवंत, चुकणारा, हसू आणणारा माणूस सापडला होता, तसा शेतकरी इथे हाती लागत नाही. तो बाजू मांडण्यासाठी उभा केलेला वाटतो. निर्मात्यांनी पुढचा आकडा लावण्याआधी एवढंच तपासावं, की पहिल्या भागातलं काही सांगायचं राहिलं आहे का. राहिलं नसेल, तर नवी गोष्ट, नवं नाव घेऊन यावं. त्याचंही तिकीट प्रेक्षक काढेल.