पालमच्या बारवेचा पत्ता

दिल्लीला विमानाने येणाऱ्यांना पालम हे नाव जुन्या विमानतळामुळे ठाऊक असतं. गाव त्याहून कितीतरी जुनं. विक्रम संवत १३३३, म्हणजे इसवी सन १२७६ मध्ये, सुलतान बल्बनाच्या राजवटीत, मूळच्या उच्च या गावच्या उद्धर नावाच्या धनिकाने इथे बारव बांधली आणि पंडित योगीश्वराकडून तिची संस्कृत प्रशस्ती लिहून घेतली. बारव नाहीशी झाली. शिळा लाल किल्ल्याच्या संग्रहालयात पोचली.

प्रशस्ती म्हटलं की स्तुतीची अतिशयोक्ती आलीच. पण योगीश्वराची रचना पाहण्यासारखी आहे. हरियाणकाची ही भूमी आधी तोमरांनी भोगली, मग चौहानांनी, आणि आता ती शक राजांकडे, म्हणजे दिल्लीच्या सुलतानांकडे आहे, असं तो सांगतो. पराभवाची खंत नाही, विजयाचा डंकाही नाही. पुढे घोरीच्या शहाबुद्दीनापासून बल्बनापर्यंत एकेक सुलतान त्याच ओळीत येऊन उभा राहतो. रजियासुद्धा आहे, मात्र जलालदीन या पदवीच्या नावाने. याउलट मेक्सिकोतलं चोलुला पाहा. तिथे प्राचीन पिरॅमिडच्या माथ्यावर स्पॅनिशांचं चर्च आहे. सत्तापालट दुरूनही दिसतो. पालमच्या प्रशस्तीत तो नुसता यादीतला पुढचा माणूस.

मग कवी खरी कमाल करतो. बल्बनाने पृथ्वीचा भार असा काही पेलला आहे, की शेषाला कामच उरलं नाही. तो विष्णूची शय्या व्हायला मोकळा झाला. आणि विष्णू? लक्ष्मीला उराशी धरून, साऱ्या काळज्या सोडून क्षीरसागरात निवांत झोपला आहे. सुलतानाची याहून मोठी स्तुती संस्कृतात कशी करणार? पण जरा थांबून वाचलं, तर लक्षात येतं की कवीने सुलतानाला पुराणातल्या देवघरात कामाला लावलं आहे. त्याचं मोठेपण मोजायचं ते शेषाच्याच मापाने. परका राजा आपल्या जगात बसवून घेण्याची ही तऱ्हा कुठल्याही तहनाम्याहून चतुर आहे.

एवढा स्वर्ग-पाताळ फिरून आलेली प्रशस्ती बारवेपाशी मात्र जमिनीवर उतरते. वाटसरूची तहान भागावी, शीण जावा म्हणून बारव. ठिकाण कुठलं, तर पालंब गावाच्या पूर्वेला आणि कुसुंभपुराच्या पश्चिमेला. कोणी वाट विचारली तर गावकरी सांगेल तसंच. शेवटी शेवटी तर संस्कृत मागे पडून स्थानिक बोलीही येते. दानाची वार्ता पंडितांपुरती राहू नये, पाणी भरायला येणाऱ्यालाही कळावी, असाच तिचा रोख वाटतो.

मला या शिलालेखातली सर्वांत सुंदर ओळ बारवेच्या पत्त्याचीच वाटते, शेषाची नव्हे. पृथ्वी पेलणाऱ्या बल्बनाचं घराणं १२९० मध्ये, शिळा कोरल्यावर चौदा वर्षांतच, गादीवरून गेलं आणि खिलजी आले. पालम मात्र जागेवर आहे, आणि वसंत विहारला लागून असलेल्या कुसुमपूर पहाडीचं नाव ऐकलं की कुसुंभपूर आठवतंच. वस्ती टिकवण्याचं श्रेय कवीने राजाला दिलं; प्रशस्तीचा पुरावा विहीर खणणाऱ्याच्या आणि तिच्यावर पाणी भरणाऱ्यांच्या बाजूने आहे.