कलती छत्री

या चित्रात डोळा आधी लाल रंगावर जातो. तोक्योच्या शिबा भागातल्या झोजोजी देवळाचं महाद्वार, 1622 सालचं, सगळ्या चित्रामागे भक्कम उभं आहे. बर्फ वाऱ्यासरशी तिरका कोसळतोय. आणि खाली एक बाई छत्री वाऱ्याच्या तोंडाशी धरून चालली आहे. कावासे हासुईचं हे 1925 मधलं छापचित्र.

बाईचा चेहरा दिसत नाही, पण त्याची उणीव जाणवत नाही. छत्रीचा कल पाहिला की वाऱ्याचा जोर, दांड्यावरची घट्ट मूठ, जपून पडणारं पाऊल सगळं कळतं. पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने लवलेल्या, बाईही लवलेली. ताठ आहे ते फक्त द्वार.

लाकडी ठशांच्या छपाईत पांढरा रंग म्हणजे बहुतेक वेळा कोरा कागद. चित्रकार रेखाटन देतो, कोरणारा चेरीच्या लाकडावर रंगागणिक वेगळा ठसा कोरतो आणि छापणारा ओलसर कागदावर एकेक रंग चढवत नेतो. लाल भिंतीसमोर उडणारा हिमकण पांढरा राहायचा, तर तेवढी जागा लाल ठशातून कोरून काढावी लागते. एकेका कणासाठी! म्हणून हासुईच्या बर्फाचं कौतुक करताना मला ते निनावी हातही आठवतात आणि हे सारे हात एकत्र आणणारा प्रकाशक वातानाबे शोझाबुरोही.

1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतर शहरभर आगी लागल्या. वातानाबेचं दुकान ठशांसकट खाक झालं, हासुईच्या रेखाटनांच्या वह्याही गेल्या. त्यानंतर तो लांबच्या प्रवासाला निघाला, नव्या वह्या भरल्या आणि परतून तोक्योच्याच वीस दृश्यांची मालिका हाती घेतली. झोजोजी त्यातलंच. हासुईवर स्वप्नाळूपणाचा आरोप होतो, तो मला मुळीच पटत नाही. शहर जळालं तरी हे द्वार खरोखरच उभं राहिलं होतं, आणि माणसं वाऱ्यापावसात घराबाहेर पडतच होती. त्याने तेवढंच काढलं, पण किती मायेने!

त्याचं शेवटचं चित्र हिराइझुमीच्या सुवर्णमंदिराचं. तिथेही बर्फ आहे आणि पायऱ्या चढणारा एकटा, पाठमोरा भिक्षू. ते छापून पुरं होण्याआधीच, नोव्हेंबर 1957 मध्ये, हासुई गेला.