खडकांतील मौन

जीवाश्मांच्या साक्षीविषयीं डार्विननें योजिलेली एक उपमा शास्त्रज्ञांच्या इतकी अंगवळणीं पडली कीं, ती उपमा आहे हेंच पुढें कित्येकांच्या ध्यानांत राहिलें नाहीं. पृथ्वीचा इतिहास हा अर्धवट जपला गेलेला ग्रंथ असून त्याचीं बहुतेक पानें नाहींशीं झालीं आहेत, असें त्यानें १८५९ सालीं लिहिलें. जाति हळूहळू पालटत गेल्या तर मधलीं रूपें खडकांत कां सांपडत नाहींत, या आक्षेपाला त्याचें हें उत्तर होतें. उत्तर खोटें नव्हतें. परंतु फार सोयीचें होतें.

नाइल्स एल्ड्रेज व स्टीफन जे गूल्ड यांच्या १९७२ सालच्या निबंधाचें खरें मोल, आमच्या मतें, या सोयीवर बोट ठेवण्यांत आहे. 'खंडित समतोल' हें त्यांच्या मताचें नांव गाजलें, आणि वाद माजले ते बहुधा उडीवर. आम्हांस निबंधाचा जीव समतोलांत दिसतो. जी जाति लक्षावधि वर्षें थरामागून थर जवळजवळ जशीच्या तशी राहते, तिचीं पानें गहाळ झालीं असें कसें म्हणावें? पानें आहेत, मजकूरही आहे. वाचणारास तो नीरस वाटला, इतकेंच.

एल्ड्रेजचें उदाहरण मोठें मार्मिक आहे. सुमारें ३८ कोटी वर्षांपूर्वीं उत्तर अमेरिकेच्या समुद्रांत फॅकॉप्स नांवाचे ट्रायलोबाइट, म्हणजे तळाशीं वावरणारे कवचधारी प्राणी, राहत. त्यांच्या डोळ्यांतील भिंगांच्या उभ्या ओळी त्यानें मोजल्या. खंडाच्या मध्यभागींच्या थरांत १८ ओळींचा प्राणी दीर्घकाळ आढळतो आणि मग एकाएकीं १७ ओळींचा. जणूं चमत्कारच! परंतु पूर्वेकडे, आजच्या न्यूयॉर्ककडील समुद्रांत, १७ ओळींचा प्राणी त्याआधींच घडला होता. मधला समुद्र आटून पुन्हां भरल्यावर तो तेथें येऊन वसला. उडी म्हणून जी दिसली ती स्थलांतराची खूण होती. नवी जाति कांठावरच्या लहानशा समूहांत घडते, हें अर्न्स्ट मायरचें मत येथें खडकावर घांसून पाहिलेलें आहे. निबंधांतील हींच पानें आम्ही पुन्हां पुन्हां वाचलीं.

दोष आहे तो आवेशाचा. जाति पालटण्याचा काळ तिच्या स्थिरतेच्या मानानें थोडका असावा, हें डार्विननेंच आपल्या ग्रंथाच्या पुढील आवृत्त्यांत नमूद केलें होतें. तेव्हां प्रतिपक्ष रंगविला आहे तितका भोळा नव्हता. शिवाय, काय दिसावें हें मनांतलें मतच ठरवितें, असें लेखकद्वय आरंभींच बजावतें. हा बाण त्यांच्यावरही उलटतो. वेल्समधील बिल्थ भागांतून सुमारें १५,००० ट्रायलोबाइट जमवून पीटर शेल्डननें १९८७ सालीं आठ वंशांचा हिशेब मांडला. सुमारें ३० लक्ष वर्षांत त्यांच्या शेपटीवरील बरगड्या, मध्येंच मागें येत पण एकंदरींत हळूहळू, वाढत गेल्या होत्या. पूर्वींच्या पंडितांनीं त्यांनाच निरनिराळ्या जातींचीं नांवें दिलीं होतीं. नांव दिलें कीं सीमा पडते, आणि सीमा पडली कीं उडी दिसूं लागते! उलटपक्षीं, ॲलन चीथम हा ब्रायोझोआ वर्गांतील सूक्ष्म सागरी जीवांत क्रमिक बदल सांपडेल या अपेक्षेनें मोजूं लागला, आणि १९८६ सालीं स्थिरतेची साक्ष देऊन मोकळा झाला. अपेक्षेविरुद्ध निघालेल्या या निष्कर्षाचें वजन आम्हांस अधिक वाटतें.

पुढें २००७ सालीं जीन हंट यानें अडीचशेंच्या आसपास मालिका तपासल्या. एका दिशेनें चाललेला बदल त्याला शेंकडा पांचांतच आढळला. बाकीच्यांत कांहीं स्थिर, कांहीं नुसत्या भटकणाऱ्या. क्रम कीं उडी, या दुहेरी प्रश्नांत ही भटकंती कोठेंच बसत नाहीं.